आवळलेली मूठ आणि पाहणारा मेंदू

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त हरमल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगी पाहुण्या वक्त्याने संस्थेचा गौरव करावा असा संकेत आहे. तो गौरव या व्यासपीठावरून आमच्यापेक्षा अधिकारी मंडळींनी केलाच आहे. आम्ही त्यात भर न घालता एका विषयासाठी आपला थोडा वेळ मागून घेत आहोत. विषय नावाला जड आहे. डोळ्यांसमोर काही आले असता मेंदूत जी सूक्ष्म वीज उमटते, तिच्यावर अंगातील स्नायूंच्या ताणाचा काय परिणाम होतो, असा तो विषय. हा पंडितांचा प्रश्न, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न आपल्या घरांत केव्हाच शिरलेला आहे. एखाद्या घरचे मूल फिट येऊन पडते; एखाद्या तरुण मुलीच्या एका डोळ्याची नजर दोन दिवसांत अंधुक होते. मग घरची माणसे तिला घेऊन म्हापसे ओलांडून पणजी-बांबोळीकडे धाव घेतात. तेथे डोक्याला तारा चिकटवितात, समोर दिवा लुकलुकतो किंवा काळ्यापांढऱ्या चौकटी हलतात, आणि शेवटी नागमोडी रेघांचा एक कागद हातात पडतो. त्या कागदावर औषध ठरते, क्वचित मुलीचे लग्नही अडते. म्हणून त्या रेघा मेंदूच्या किती आणि मानेच्या किती, हे आपण सामान्य माणसांनीही समजून घेतले पाहिजे.

आपल्या भाषेने या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. आपण कामाला लागताना कंबर कसतो, निश्चय करताना मूठ आवळतो, ऐकताना कान टवकारतो, रागाने दात-ओठ खातो, आणि विचारात पडलो की कपाळाला आठ्या घालतो. मनाची प्रत्येक अवस्था आपण स्नायूंच्या शब्दांत बोलतो. आता कंबर कसल्याने डोळ्यांना अधिक दिसते काय? आठ्या घातल्याने मेंदू अधिक तत्पर होतो काय? आमच्या पूर्वजांनी तसे गृहीत धरले. शास्त्राने ते मोजून पाहिले. मोजताना जो गोंधळ उडाला व जो उलगडा झाला, तोच आजचा आमचा विषय होय.

प्रथम मेंदूच्या विजेविषयी. इंग्लंडातील लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन यांनी १८७५ साली जनावरांच्या उघड्या मेंदूवर विजेचे क्षीण प्रवाह असल्याचे दाखविले. डोळ्यांवर प्रकाश पडला की ते बदलतात, हेही त्यांनी पाहिले. माणसाच्या मेंदूची वीज कवटी न उघडता टिपण्याचे श्रेय जर्मनीतील येना गावच्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाकडे जाते. १९२४ साली त्यांनी पहिली नोंद घेतली व १९२९ साली ती प्रसिद्ध केली. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला असता सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी एक लहर उमटते, आणि डोळे उघडताच ती विरते. या लहरीला त्यांनी अल्फा हे नाव दिले. प्रारंभी त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी तेच पडताळून पाहिले, आणि दिवा लुकलुकवला तर मेंदूची लहर त्याच ठेक्यावर चालू लागते, हेही दाखविले.

ही वीज किती थोडी असते, याचा अंदाज यावा म्हणून घरातील बॅटरीचा दिवा आठवा. त्यातल्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट. अल्फा लहर साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्या सेलच्या तीस हजाराव्या भागाएवढी. एका प्रकाशझोताला मेंदू जो प्रतिसाद देतो तो त्याहून लहान. तो १० मायक्रोव्होल्ट धरला, तर सेलचा दीड लाखावा भाग झाला. इतका क्षीण स्वर मेंदूच्या नित्याच्या कोलाहलात ऐकावा कसा?

त्याची युक्ती आपणां समुद्रकाठच्या लोकांस सहज कळेल. पावसाळ्यात दर्या गाजत असता दूरच्या देवळातील घंटा एकदा वाजली तर ऐकू येत नाही. परंतु ती घंटा ठरावीक वेळाने शंभरदा वाजली, आणि प्रत्येक ठोक्याच्या क्षणापासूनचा आवाज टिपून ते शंभर आवाज एकावर एक रचले, तर काय होईल? गाज कधी वर, कधी खाली; तिचे चढउतार एकमेकांस पुसून टाकतील. घंटा मात्र दर वेळी त्याच जागी असल्यामुळे ठळक होत जाईल. हिशेब असा की शंभर नोंदींची सरासरी काढली असता गाज दहाव्या हिश्श्यावर येते. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५१ साली अशी सरासरी काढणारे यंत्र लोकांपुढे मांडले. आज डोळ्यांची ही तपासणी होते ती याच तत्त्वावर. चौकटींचा पट उलटला की सुमारे १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाने, डोक्याच्या मागील बाजूस एक उंचवटा उमटतो. डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेली असेल तर तो उंचवटा उशिरा येतो. हॅलिडे, मॅकडोनल्ड व मुशिन या लंडनच्या डॉक्टरांनी १९७२ साली हे दाखविले. रोग्याची नजर सुधारल्यावरही तो उशीर बहुधा राहतो. म्हणून डॉक्टरांस त्याचे मोल फार.

येथवर मेंदूची गोष्ट झाली. आता स्नायू मध्ये येतो, आणि तो दोन वेगवेगळ्या वाटांनी येतो. या दोन वाटांची गल्लत करू नये, एवढेच आजच्या भाषणाचे सार आहे.

पहिली वाट म्हणजे स्नायू स्वतःच बोलतो. मेंदूप्रमाणे स्नायूही वीज उत्पन्न करतो, आणि ती मेंदूच्या विजेहून पुष्कळ जोरकस असते. कपाळाचा स्नायू, कानशिलावर पसरलेला चावण्याचा स्नायू आणि मानगुटीचे स्नायू हे तिन्ही त्या चिकटविलेल्या तारांच्या अगदी शेजारी. दृष्टीचे केंद्र मेंदूच्या मागील टोकाला असल्यामुळे दृष्टीच्या तपासणीची मुख्य तार डोक्याच्या मागे, मानगुटीच्या किंचित वर लावावी लागते. म्हणजे ज्याला घंटा ऐकायची, त्याला नेमके ढोलताशाशेजारीच बसविल्यासारखे झाले. रोग्याने दात आवळले की रेघांच्या जागी काळा पट्टाच उमटतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या बाबतीत मोठी धाडसाची परीक्षा केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधाने शरीराचे स्नायू तात्पुरते निश्चल करून, जाग्या माणसांची नोंद त्यांनी घेतली. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, सेकंदाला २० हून अधिक वेगाच्या ज्या लहरी आपण मेंदूच्या समजतो, त्यांत स्नायूंची भेसळ फार मोठी असते.

कोणी म्हणेल, सरासरी काढली की ही भेसळ गाजेप्रमाणे पुसली जाईल. बहुतेक पुसली जातेही. परंतु स्नायू जर घंटेबरोबरच ठोका देऊ लागला तर? दिव्याच्या प्रत्येक लखलखाटाला कित्येकांच्या पापण्या व भुवया त्याच ठेक्यावर उडतात. असा ठोका सरासरीने पुसला जात नाही, उलट ठळक होतो. या चुकीचा एक इतिहासप्रसिद्ध दाखला आवाजाच्या तपासणीत सापडतो. १९५८ साली अमेरिकेत गाइस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कानात टिकटिक केली असता डोक्याच्या मागे फार लवकर उमटणारा एक प्रतिसाद टिपला आणि तो मेंदूच्या पृष्ठभागाचा असावा असे मानले. १९६४ साली मेयो क्लिनिकचे बिकफर्ड व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, मान ताणली की हा प्रतिसाद फुगतो आणि मान सैल सोडली की मावळतो. तो मानेच्या स्नायूंचाच निघाला! मात्र शास्त्रात टाकाऊ काही राहत नाही. त्याच स्नायूंच्या प्रतिसादावरून पुढे कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची तपासणी करण्याची रीत निघाली, आणि ती आज चक्कर येणाऱ्या रोग्यांच्या उपयोगी पडते.

आपल्या देशातही स्नायूंच्या आवाजाने असाच एक भ्रम उत्पन्न केला होता. हृदय बंद पाडून दाखवितो असे म्हणणारे काही योगी होते. १९५७ साली अमेरिकेतील वेंगर व बागची हे दोघे शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन हिंदुस्थानात आले आणि दिल्लीच्या डॉ. आनंदांसमवेत त्यांनी अशा साधकांची परीक्षा केली. नाडी लागेना, छातीला नळी लावून ठोकेही ऐकू येईनात. परंतु हृदयाच्या विजेची नोंद मात्र अखंड चालूच होती. उलगडा असा झाला की, श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू आवळल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, नाडी मंदावते, आणि स्नायूंच्या गुरगुरीत हृदयाचा क्षीण ध्वनी लपून जातो. यात योग्यांची फजिती झाली असे आम्ही मानीत नाही. स्नायूंवरील त्यांचे प्रभुत्व खरेच होते. ऐकणाऱ्याने कशाला काय समजायचे, एवढाच प्रश्न होता.

आता दुसरी वाट. येथे स्नायू नोंद गढूळ करीत नाही, तो खुद्द मेंदूची तयारीच बदलतो. गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का हे डॉक्टर पाहतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कधी पाय नीट उडत नाही. तेव्हा डॉक्टर सांगतात, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढा. तसे करताच पाय टणकन उडतो. हंगेरीचे येंड्रासिक यांनी १८८५च्या सुमारास सुचविलेली ही युक्ती आजही वापरात आहे. हात आवळले हातांनी आणि जागे झाले पाय! म्हणजे एका जागेचा ताण साऱ्या मज्जासंस्थेला हुशार करतो. बिल्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली, मूठ आवळण्याचे यंत्र हातात दाबून धरले असता पाठांतर व गणित यांत काही लाभ होतो, असे नोंदविले. मग १९४९ साली मोरुझ्झी व मॅगून यांनी मेंदूच्या देठातील एक जाळे दाखविले. सर्व इंद्रियांकडून, अंगांतूनही, त्या जाळ्यात वर्दी जाते, आणि ते साऱ्या मेंदूला जागे ठेवते. डोळा, कान व आवळलेली मूठ ही सारी त्या एकाच दारावर थाप मारतात.

मेंदू असा जागा झाला की डोळ्यांना मिळणारा प्रतिसादही बदलतो. १९६९ साली ईसन, हार्टर व व्हाइट यांनी दाखविले की, माणूस लक्ष देऊन पाहत असेल किंवा त्याला थोडी धास्ती असेल, तर प्रकाशाला मेंदू देत असलेला प्रतिसाद मोठा होतो. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नील व स्ट्रायकर यांना आढळले की, उंदीर उभा असता त्याच्या दृष्टिकेंद्रातील पेशी जेवढा प्रतिसाद देतात, त्याच्या दुपटीहून अधिक तो धावत असता देतात. धावणे आणि मूठ आवळणे एक नव्हे, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी अंग आणि नजर यांचा सांधा किती खोल आहे, हे यावरून दिसते.

परंतु अधिक ताण म्हणजे अधिक चांगले, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. हलणाऱ्या हाताकडून येणाऱ्या स्पर्शाच्या वर्दीला मेंदू उलट दाबून टाकतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याच्या मुळाशी अशीच एक दाबादाबी आहे. आणि १९०८ साली यर्क्स व डॉडसन यांनी सांगितलेली गोष्ट कोणत्याही अनुभवी माणसाला ठाऊक आहे. उत्तेजना वाढत जाते तसे काम सुधारते, एका मर्यादेपुढे ते बिघडू लागते, आणि काम जितके अवघड तितकी ही मर्यादा लवकर येते. रापणीची दोरी ओढताना सारे अंग ताठ लागते. जाळ्याची तुटलेली गाठ विणताना तोच ताण बोटे चुकवितो. परीक्षेला बसलेल्या मुलाने आठ्या घालून, जबडा आवळून, मान पुस्तकावर खिळवून तासन्‌तास बसणे म्हणजे गाठ विणायला रापणीचा जोर लावणे होय.

मग अंग पूर्ण सैल सोडले तर मेंदू झोपी जातो काय? या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने आसनांचा व बंधांचा अभ्यास आरंभिला. योगाची परीक्षा प्रयोगशाळेत करण्याचा पायंडा मुख्यतः त्यांचा. त्याच परंपरेतील डॉ. विनेकर यांच्यासह मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी, रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध केला. कित्येकांचा दाब उतरला, कित्येकांची औषधे कमी करता आली. अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली एकेक स्नायू क्रमाने सैल करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. नुसती कल्पना केली तरी त्या कल्पनेशी संबंधित स्नायूंत सूक्ष्म वीज उमटते, हे त्यांनी मोजून दाखविले. मनात उंच मनोरा पाहा, डोळ्यांचे स्नायू वर सरकू पाहतात.

मेंदूच्या बाबतीत १९५५ साली डॉ. दास व फ्रान्सचे गास्तो यांनी ध्यानस्थ साधकांच्या मेंदूची, हृदयाची व स्नायूंची नोंद एकाच वेळी घेतली. स्नायू शांत होते, मेंदूच्या लहरी मात्र मंदावल्या नव्हत्या. उलट त्या वेगवान होत्या. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी काही योग्यांवर प्रखर दिवा, मोठा आवाज, तापलेली काचनळी व कंप पावणारा चिमटा यांचा प्रयोग केला. एरवी यांतील प्रत्येकाने अल्फा लहर मोडत असे. ध्यानात ती मोडली नाही. एकाच्या मेंदूत वेग, दुसऱ्यांच्या मेंदूत अचल शांतता. माणसे थोडी होती, साधनमार्ग निराळे होते, म्हणून यावर मोठे सिद्धांत उभारू नयेत. एवढे मात्र खास की, सैल अंग म्हणजे निजलेला मेंदू नव्हे. आपल्या हरमलच्या किनाऱ्यावर हंगामात देशोदेशीची माणसे योग शिकावयास येतात. त्यांच्यासमवेत कपाळाला पट्टी बांधून ‘मेंदूच्या लहरी’ दाखविणारी लहान यंत्रेही येतात. ती पाहावीत, कौतुकही करावे. पण पैसे मोजण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: ही लहर मेंदूची, की कपाळाच्या आठीची?

आता कामाचे चार शब्द. डोक्याला तारा लावतात तेव्हा अंगात वीज सोडतात, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे, आणि पोरे त्या धास्तीनेच अंग चोरून बसतात. त्यांना घरीच सांगावे की हे यंत्र वीज देत नाही, ते तुझ्या डोक्यातील वीज नुसती ऐकते. तेल न लावता, केस धुऊन जावे. चौकटींच्या तपासणीला चष्मा असल्यास तो लावूनच बसावे. फिटचे औषध डॉक्टरांनी सांगितल्यावाचून बंद करू नये. खुर्चीत बसल्यावर मान टेकू द्यावी, जीभ सैल सोडावी, वरचे व खालचे दात एकमेकांस लागू देऊ नयेत. ओठ किंचित विलग राहिले तर जबडा आपोआप सुटतो. नजर मात्र समोरच्या खुणेवरच ठेवावी, कारण अंग सैल आणि लक्ष जागे, हेच येथे हवे असते. आईने मुलाला धीर देताना स्वतःची मूठ उघडावी. पोर आईच्या हातावरून ओळखते. आणि कागदावर काही दोष निघाला तर डॉक्टरांस शांतपणे विचारावे की, नोंदीत स्नायूंची गडबड होती काय, आणि तपासणी पुन्हा करणे इष्ट आहे काय. हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगला डॉक्टर त्याचे स्वागतच करील.

या महोत्सवात न्यासाकडे आमचे एवढेच मागणे आहे. आपण रोग्यांस गाडीभाड्याची मदत करता ती थोर आहे. तिच्या जोडीला या सूचनांचा एक कागद मराठीत व कोंकणीत छापून प्रत्येक घरी द्यावा, आणि एकट्या पडलेल्या आईबरोबर जाण्यास न्यासाचा एखादा जाणता सभासद नेमावा. खर्च किरकोळ आहे. त्यामुळे एखादी नोंद स्वच्छ निघाली, एखादी फेरी वाचली, एखाद्या मुलीवरचा खोटा शिक्का टळला, तर या न्यासाच्या पंचवीस वर्षांना शोभेल असेच ते कार्य होईल.